औषध फेकणारी

आमच्या वहिनीला पाचही वस्त्यांत 'औषध फेकणारी' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, तेवढी लाज आहे लोकांना. ती पाणवठ्यावरून घागर उचलून वळली की म्हणतात. चार वर्षं झाली या गोष्टीला. ते नाव तिला चिकटलं त्यात माझा हात सगळ्यात मोठा आहे, आणि पुसणं कुणाच्या हातात असेल तर तेही माझ्याच. म्हणून सांगतोय. ऐकायचं तर नीट ऐका, मध्ये मध्ये 'अरेरे' करू नका. 'अरेरे' करणाऱ्यांचा मला भयंकर राग आहे. आमच्याकडे ते गाड्या भरभरून आले होते.

मी सोलर बसवतो. डोंगरातल्या आमच्या माणसांमधला पहिला वायरमन. कागदावर आम्हाला आदिवासी म्हणतात, समोर 'हे लोक' म्हणतात. "या लोकांना सवय असते चालायची" असं म्हणत ठेकेदारानं सोलरच्या प्लेटा माझ्या पाठीवर चढवल्या, आणि नदी ओलांडून, चढ चढून मी त्या वस्त्यावस्त्यांत नेल्या. एक प्लेट एका खेपेला. काच फुटली तर पगारातून कापणार होता, माझं डोकं फुटलं असतं तर कापण्यासारखं काही नव्हतं. असो. माझी गोष्ट नाही ही.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते. दादा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. वहिनी सातवी शिकलेली, म्हणजे आमच्या हिशेबानं पंडितच. तिला वाचायचा नाद. मिठाच्या पिशवीवरचं वाचायची, काडेपेटीवरचं वाचायची, शेजारच्या घरी आलेला कागदही वाचून द्यायची. दादा चिडवायचा, "हिच्यासमोर झाडाचं पान धरू नका रे, त्यावरही काहीतरी लिहिलंय म्हणेल." ती म्हणायची, "लिहिलेलंच असतं. तुम्हाला दिसत नाही त्याला मी काय करू?" दादा हसायचा. तो तिच्यावर जीव टाकायचा, आणि हे त्यानं कुणापासून लपवलंही नाही. आमच्या आईला ते खुपायचं, पण आईला काय, सगळंच खुपतं.

या वाचण्यापायीच तिला दवाखान्याचं काम लागलं. दवाखाना म्हणजे तेव्हा काही नव्हतं. महिन्यातून एकदा रस्त्यालगतच्या गावातून कंपाउंडर यायचा, लहान पोरांना लस टोचायला. लशीची निळी पेटी असायची, आत बर्फ. ती पेटी पाच तास डोंगर चढवून आणायची, पोरांची नावं वाचून हाका मारायच्या, रडणाऱ्यांना धरायचं, हे वहिनीचं काम. दोन वर्षं तिनं ती पेटी वाहिली.

एका खेपेला कंपाउंडरसाहेब ओढ्यावर आडवे झाले. जेवण जरा जड झालं होतं. पेटी उन्हात. वहिनीनं दोनदा उठवलं. उठले तेव्हा बर्फाचं पाणी झालेलं. ती म्हणाली, "साहेब, बर्फ गेला." ते म्हणाले, "औषध म्हणजे काय दूध आहे का नासायला? चल." ती चालली. काय करणार? सातवी शिकलेली बाई कंपाउंडरला शिकवणार? त्या दिवशी अकरा पोरांना टोचलं. त्यात तिची दोन वर्षांची मुलगीही होती. वहिनीनंच तिला मांडीवर धरलं होतं.

पुढच्या थंडीत गोवर आला. अकरांपैकी चार पोरं गेली. वहिनीची मुलगी तिसरी.

गोवर आल्याचं कळूनही वहिनी पहिले तीन दिवस निर्धास्त होती, हे तिनंच मला नंतर सांगितलं. शेजारच्या बाया पोरं घेऊन दुसऱ्या वस्तीला निघून गेल्या, ही गेली नाही. लस टोचलीय ना, मग कशाला जायचं? पुढे एक डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी सांगितलं की थंडावा गेला की ती लस म्हणजे नुसतं पाणी. वहिनी घरी आली, चुलीपुढे बसली आणि म्हणाली, "औषध नसलं तर बाई पोर उचलून पळते तरी. पाणी टोचून घेतलेली आई घरात बसून राहते." एवढंच. ती त्या दिवशी जेवली नाही, दादाही जेवला नाही. मी जेवलो. मला भूक लागली होती, आणि मला हे सगळं कळायला अजून बरीच वर्षं लागणार होती.

मग बऱ्याच वर्षांनी आमचं नशीब उघडलं. म्हणजे कागदावर उघडलं. कुठल्यातरी मोठ्या लोकांनी पैसा दिला आणि आमच्या पाच वस्त्यांच्या मध्ये, जिथपर्यंत जीप कशीबशी चढते तिथे, आरोग्य केंद्र बांधलं. दोन खोल्या, पत्र्याचं उतरतं छप्पर, एक खाट, एक कपाट, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सोलरवर चालणारा फ्रिज. लस आता तिथेच राहणार. एक सिस्टर आठवड्यातले चार दिवस तिथे मुक्कामाला, आणि मदतनीस म्हणून आमची वहिनी. फ्रिज तिच्या ताब्यात. फ्रिज आला त्या दिवशी तिनं तो तीनदा पुसला. दादा म्हणाला, "नवरा इतक्या वर्षांत एकदाही पुसला नाहीस." ती म्हणाली, "नवरा नासत नाही." सिस्टर इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

सोलर बसवायचं काम ठेकेदाराकडे, म्हणजे माझ्याकडे.

आता इथे लक्ष द्या. छपराला दोन उतार. पुढचा उतार रस्त्याकडे, मागचा दरीकडे. मागच्या उताराला सकाळी नऊपासून चारपर्यंत ऊन. पुढच्या उताराला सकाळचं कोवळं ऊन, आणि एक वाजला की डोंगराची सावली. पावसाळ्यात तर अकरापर्यंत धुकं. म्हणजे पुढच्या उताराच्या वाट्याला दिवसाचे दोन तास. हे सांगायला इंजिनियर लागत नाही, तिथे वाळवण घालणारी म्हातारीही सांगेल. मी इंजिनियरसाहेबांना म्हटलं, "साहेब, मागे बसवू या."

साहेबांनी मला खांद्याला धरून रस्त्यावर उभं केलं. "इथून बघ. पाहुणे इथे उतरणार. इथून फोटो काढणार. प्लेटा दिसायला नकोत? पैसा ज्यांनी दिलाय त्यांनी काय दरीत उतरून फोटो काढायचा?"

"पण ऊन..."

"अरे, चार प्लेटा आहेत. पुरतं. तू बसव."

बसवल्या. पुढच्या उतारावर, चारी एका ओळीत, चकाचक. त्यांच्या खाली देणाऱ्यांच्या नावाचा मोठा फलक, आणि त्या फलकावर एक दिवा. तो दिवा कुठून जोडायचा? फ्रिजच्याच बॅटरीवरून. मी तोंड उघडणार तेवढ्यात साहेब म्हणाले, "छोटा बल्ब आहे रे." आमच्याकडे आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, पण इथे आंधळ्याला दिसत होतं, हे ध्यानात ठेवा. तो आंधळा मी. मला दिसत होतं आणि मी दळत होतो.

उद्घाटनाला जीपगाड्यांची रांग लागली. फीत कापली, टाळ्या झाल्या. मग एक बाई म्हणाल्या, "फ्रिज उघडा ना, आतला फोटो हवा." उघडला तर आत ठणठणाट. लस पुढच्या आठवड्यात येणार होती. कार्यक्रमाचे साहेब गडबडले. कपाटात सर्पदंशाच्या औषधाचा खोका होता, दहा बाटल्या, आत पांढरी पावडर. "हे ठेवा आत. मांडून ठेवा, भरल्यासारखं वाटेल." वहिनीनंच मांडल्या, दोन ओळी करून. फोटो निघाला. त्यात वहिनी फ्रिजशेजारी उभी आहे, पदर डोक्यावर, शाळेत पहिला नंबर आल्यासारखा चेहरा. गाड्या गेल्यावर तिनं विचारलं, "साहेब, हे परत कपाटात ठेवू?" साहेब जीपमध्ये चढत म्हणाले, "राहू द्या आतच. थंड असलेलं बरं."

नंतर तिला शहरात दोन दिवसांच्या शिकवणीला नेलं. तिथल्या बाईंनी नियम सांगितला. फ्रिजमधला तापमानाचा काटा दोन ते आठच्या मध्ये राहिला पाहिजे. सकाळ-संध्याकाळ बघायचा, वहीत लिहायचा. एका दिवसाहून जास्त आठच्या वर राहिला तर आतलं औषध वापरायचं नाही. खड्डा खणायचा, बाटल्या फोडून पुरायच्या, लिहायचं, सही करायची. वहिनीनं हात वर करून विचारलं, "आत जे असेल ते सगळं?" बाई म्हणाल्या, "सगळं. त्यात डोकं चालवायचं नाही." वहिनीला हा नियम इतका पटला की परत आल्यावर तिनं तो आम्हाला जेवताना दोनदा सांगितला. का पटणार नाही? हा नियम तेव्हा असता तर तिची मुलगी आज लग्नाची झाली असती.

आणि ती वही! ती वही तुम्ही बघायला हवी होती. काटा पाचवर असला तर पाच, नऊवर असला तर नऊ. पहिल्या पावसाळ्यात दोनदा आतलं सगळं पुरलं तिनं, आणि नवा साठा, सर्पदंशाच्या बाटल्यांसकट, पुन्हा आतच मांडला. तपासणीला साहेब आले, वही चाळून चिडले. "बाकी सगळ्या केंद्रांत रोज चार असतं. तुमच्याच फ्रिजला ताप येतो का?"

वहिनी म्हणाली, "बाकीच्या केंद्रांत फ्रिज आहे का फ्रिजचं चित्र?"

सिस्टरनं नंतर तिला समजावलं, "अगं बाई, चार लिहायला काय जातं? सगळे लिहितात." वहिनी म्हणाली, "काय जातं ते मला माहीत आहे."

वहिनीनं मलाही विचारलं. एकदा नाही, तीनदा विचारलं. मी फलकाचा बल्ब बदलायला गेलो होतो. हो, फलकाचा बल्ब गेला की लगेच निरोप यायचा, त्याला उशीर चालत नव्हता. ती म्हणाली, "अरे, तुझ्या सोलरला काय झालंय बघ ना. बॅटरी भरतच नाही. मी रोज काठीला फडकं बांधून प्लेटा पुसते."

मी म्हटलं, "धुकं आहे गं वहिनी. धुक्याला मी काय करू?"

खोटं नव्हतं ते. धुकं होतंच. अर्धं सांगितलं की खोटं बोलल्यासारखं वाटत नाही, हा त्याचा मोठा फायदा. पूर्ण सांगितलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे जाऊन उभी राहिली असती, "माझा दीर म्हणतो" म्हणून. आणि माझी अकरा वस्त्यांची कामं गेली असती. मी मूग गिळून बल्ब बदलला आणि घरी आलो.

तिसऱ्या पावसाळ्यात पाच दिवस धुकं हललंच नाही. काटा अकरा, मग चौदा, मग सतरा. सिस्टर सुट्टीवर होती. वहिनीनं तीन दिवस वाट पाहिली, फलकाचा बल्ब स्वतःच काढून ठेवला, त्याबद्दल तिला नंतर बोलणीही बसली. चौथ्या दिवशी तिनं केंद्रामागे खड्डा खणला. लशीच्या बाटल्या फोडल्या, सर्पदंशाच्या दहा बाटल्या फोडल्या, माती लोटली, वर दगड ठेवला. वहीत लिहिलं. प्रत्येक बाटलीचा नंबर, तारीख, तास, सही. आणि नवीन औषध लगेच पाठवा म्हणून रस्त्यालगतच्या गावात माणूस पाठवून चिठ्ठी दिली. उत्तर आलं: महिनाअखेरीस.

महिनाअखेरीला अजून सोळा दिवस होते. नवव्या दिवशी दादाला साप चावला.

घरामागचं कुंपण दुरुस्त करत होता. दुपारची वेळ. वाळलेल्या काटक्यांचा ढीग उचलला आणि हाताला चावला. दादा घाबरला नाही. उलट मलाच म्हणाला, "ओरडतोस कशाला? केंद्रात औषध आहे. तुझी वहिनी सांभाळतेय." दहा बाटल्या आहेत हे त्याला माहीत होतं, त्यानं फोटो बघितला होता. पुरल्याचं त्याला माहीत नव्हतं. वहिनी घरी कामाचं कमी बोलायची. मी आणि शेजारचे दोघे त्याला झोळीत घालून निघालो. चाळीस मिनिटांची वाट आम्ही पंचवीस मिनिटांत उतरलो. वाटेत तो चेष्टा करत होता, "हळू रे, सापानं नाही मेलो तर तुम्ही पाडून माराल."

केंद्रात सिस्टर होती. खाट होती, सलाईन होतं, सुई होती. सिस्टर सुट्टीवरून आदल्याच दिवशी आलेली, तिनं वही अजून बघितली नव्हती. तिनं फ्रिज उघडला आणि वळून वहिनीकडे बघितलं.

वहिनी भिंतीला पाठ लावून उभी होती. म्हणाली, "पुरलं मी. गरम झालं होतं." मग दादाकडे बघून पुन्हा म्हणाली, "अहो, गरम झालं होतं हो."

दादाच्या पापण्या तेव्हा जड व्हायला लागल्या होत्या. तो काय म्हणाला ते मी या कानांनी ऐकलं. म्हणाला, "मग बरोबर केलंस."

जीप मिळायला दीड तास गेला. मोठा दवाखाना तिथून साडेचार तास. तो तीन तासांनी गेला, माझ्या मांडीवर, जीपच्या मागच्या बाकावर. वहिनी त्याचे पाय धरून बसली होती, तिला कळलं नाही. मला कळलं, पण मी दवाखाना येईपर्यंत बोललो नाही.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, चांगला होता. कागद करायला त्यानं विचारलं, तुमच्या केंद्रात औषध नव्हतं का? वहिनीनं पिशवीतून वही काढली. तिनं वही सोबत आणली होती, काय सांगू तुम्हाला. डॉक्टरनं पान वाचलं, पुन्हा वाचलं. "ही पावडरची बाटली होती ना?"

"हो."

"हिला फ्रिज लागत नाही. बाहेर कपाटातही वर्षानुवर्षं राहते. हिला काहीच झालं नसतं. फ्रिजमध्ये कुणी ठेवली?"

वहिनीनं डॉक्टरच्या हातातून वही घेतली, आणि ते पान वाचायला लागली. स्वतःच लिहिलेलं पान. बोट ठेवून, शब्दाशब्दानं, नव्यानं वाचायला शिकल्यासारखं. डॉक्टरला तेव्हा कळलं की ही बाई मेलेल्याची कोण. तो कागद तसाच ठेवून आत गेला.

पंधरा दिवसांनी चौकशी आली. केंद्रात टेबल मांडलं, तीन साहेब बसले. त्यांच्याकडे काय होतं? वहिनीची वही. बाकीच्या सगळ्या केंद्रांच्या वह्यांत रोज चार, कुठेही एक बाटली फेकलेली नाही, सगळं कसं छान. आणि हिच्या वहीत हिच्या अक्षरात, हिच्या सहीनं: सर्पदंश औषध, दहा बाटल्या, फोडून पुरल्या. फ्रिजमध्ये बाटल्या ठेवा म्हणणारे साहेब त्या तिघांतले एक होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही कुणाला न विचारता औषध नष्ट केलंत?" वहिनी म्हणाली, "तुम्हीच आत ठेवायला सांगितलं होतं." ते म्हणाले, "मला तसं काही आठवत नाही." कुठे लिहिलेलं होतं का? नव्हतं. लिहून ठेवायची खोड त्या अख्ख्या कारभारात एकट्या वहिनीला होती.

मग मला बोलावलं. पण त्याआधी ठेकेदारानं मला बाहेर कडेला घेतलं. कागद तयार होता. 'सौर यंत्रणा योग्य दिशेला व योग्य रीतीने बसवली असून तिच्यात कोणताही दोष नाही.' खाली माझं नाव.

"सही कर," तो म्हणाला. "तुझ्यावर काही येत नाही, माझ्यावर काही येत नाही. दादा गेला, आता घर तुझ्यावर आहे. विचार कर."

मी विचार केला असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. नाही केला. भीती वाटली, बस. आत टेबलापाशी गेलो, साहेबांनी कागद मोठ्यानं वाचून दाखवला, विचारलं, "हे खरं आहे?" वहिनी तिथेच बाकावर बसली होती, माझ्याकडे बघत. मी "हो" म्हटलं आणि सही केली. माझं अक्षर चांगलं आहे. तिनंच गिरवून घेतलं होतं माझ्याकडून.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते असं असतं. गडबड नाही, आरडाओरडा नाही. चहा होतो, सह्या होतात. वहिनीला कामावरून काढलं. निष्काळजीपणा, असं लिहिलं. निष्काळजी! जिच्याइतकी काळजी त्या डोंगरात औषधाची कुणी केली नाही, ती निष्काळजी. लोकांनाही बरं झालं, दोष द्यायला एक माणूस लागतो, तो मिळाला. फ्रिजच्या काट्याला शिव्या देता येत नाहीत.

आणि घरात आई. आई दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माझ्या मुलाचं औषध हिनं मातीत पुरलं. आधी पोर खाल्ली, मग नवरा." वहिनी आत भाकरी थापत असायची. मी मधल्या खोलीत असायचो. दोन पावलांवर आई, दोन पावलांवर वहिनी. एक वाक्य बोलायचं होतं. 'आई, प्लेटा मी चुकीच्या बसवल्या.' रोज ते वाक्य तोंडापर्यंत यायचं आणि मी पाणी पिऊन बाहेर पडायचो. थू आहे माझ्या जिनगानीवर, पण बाहेर पडायचो.

दीड महिन्यानं ठेकेदाराचा निरोप आला. केंद्रावर जा, प्लेटा काढ आणि मागच्या उतारावर बसव. कागद काही नाही, तोंडी काम. गाजावाजा करू नकोस. म्हणजे बघा, सगळ्यांना माहीत होतं. साहेबांना, ठेकेदाराला, सगळ्यांना. चौकशीत जे नव्हतं ते चौकशी संपल्यावर दुरुस्त करायला मला पाठवत होते.

गेलो. नवीन मदतनीस आली होती, रस्त्यालगतच्या गावातली मुलगी. टेबलावर नवी वही होती, सहज उघडली. चार, चार, चार, चार. मुलगी हसून म्हणाली, "साहेबांनी सांगितलंय."

पाऊस नुकताच थांबला होता. मागच्या बाजूला दरीचा उतार, जमीन निसरडी. शिडी लावली ती धड उभी राहीना. तीन प्लेटा वर नेल्या. चौथी पाठीवर घेऊन चढत होतो, तर शिडीचा एक पाय सरकला. मी छपराची कड धरली. खाली कुणीतरी शिडी घट्ट धरली. बघितलं तर वहिनी. लाकडं घेऊन त्या वाटेनं परतत होती, डोक्यावरचा भारा बाजूला टाकलेला.

मी वर गेलो. प्लेट ठेवली. बोल्ट आवळायला लागलो. ती खालून वर बघत होती. पुढच्या उतारावरच्या चार रिकाम्या चौकटींच्या खुणा तिनं येताना पाहिल्या होत्या, आता मागच्या उतारावर प्लेटा, आणि त्यांच्यावर लख्ख ऊन. दुपारचे तीन वाजले असतील. पुढच्या उतारावर केव्हाची सावली आली होती. हे वाचायला तिला सातवीसुद्धा लागत नव्हती.

"इथे ऊन असतं हे तुला तेव्हा माहीत होतं?" तिनं विचारलं.

मी पाना खाली ठेवला. "हो."

"बसवतानाच?"

"बसवतानाच, वहिनी."

ती ओरडेल असं वाटलं. शिडी सोडून देईल असं वाटलं, आणि खरं सांगतो, दिली असती तर बरं झालं असतं. मी तिथूनच भडाभडा बोलायला लागलो, की आत्ता जातो, आईला सांगतो, वस्तीला सांगतो, साहेबांच्या तोंडावर सांगतो, सही मागे घेतो. माझी नोकरी जाऊ दे, काय व्हायचं ते होऊ दे. वर बसून बोलत होतो मी, छपरावर, पाय दरीकडे सोडून. ती खाली शिडी धरून ऐकत होती. माझं संपेपर्यंत तिनं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "आधी खाली उतर. हळू उतर. आईंना आता तू एकटाच आहेस."

मी उतरलो. माझे दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत तिनं शिडी सोडली नाही. मग भारा डोक्यावर घेतला आणि घरी गेली. संध्याकाळी आईनं तिला पुन्हा तेच सुनावलं, आणि मी मधल्या खोलीत होतो.